आईच्या खांद्याची वही

माझ्या हॉस्टेलच्या टेबलावर एक दोनशे पानी वही आहे. पुठ्ठा निळा, कडा ओल्या हातांनी फुगलेल्या, आणि आतल्या पानांवर बसलेली बारीक पांढरी धूळ कितीही झटकली तरी जात नाही. या वहीत माझ्या आईचा उजवा खांदा आहे. म्हणजे त्याचे आकडे आहेत. हात पुढून वर किती गेला, बाजूने किती गेला, बाहेर किती वळला, आणि शेवटच्या रकान्यात 'दुखतं का?' या प्रश्नाचं उत्तर. त्या रकान्यात पानंच्या पानं वरपासून खालपर्यंत एकच शब्द आहे: नाही. इथे विदर्भातल्या या शहरात मी फिजिओथेरपीचं पुढचं शिक्षण घेते, रोज दहा-बारा खांदे हाताखालून जातात. पण घरची आठवण अनावर झाली की ती वही उघडून बसते. त्यातले बरेच आकडे खोटे आहेत हे मला माहीत आहे. तरी बसते.

आमचं गाव पेणजवळ, हमरापूरच्या अंगाला. लोकांकडे गणपती दहा दिवस असतात, आमच्याकडे ते वर्षभर मुक्कामाला. ओटीवर गणपती, अंगणात गणपती, पाहुणे आले तर आधी दोन गणपती उचलून बाजूला ठेवायचे आणि मग चटई टाकायची. बाबा धरमतरच्या जेट्टीवर शिफ्टला जायचे आणि आई गावातल्याच एका कारखान्यात. तिच्याकडे घासकाम असायचं. साच्यातून मूर्ती निघते तेव्हा धड वेगळं असतं, हात वेगळे. ते जोडतात, जोडावरच्या फटीत ओलं प्लास्टर भरतात, आणि सुकलं की पॉलिश पेपर घेऊन बसायचं आईने. जोड कुठे होता हे बोटाला कळता कामा नये इतकं घासायचं. मालक नव्या बायकांना आईने घासलेला खांदा दाखवायचा आणि सांगायचा, हा हात साच्यातूनच असा आलाय की नंतर बसवलाय, ओळखून दाखवा. कोणाला ओळखता यायचं नाही. आई तेव्हा खाली मान घालून हसायची. तिच्या कामाचं कौतुक व्हायची तेवढी एकच जागा होती.

बारावीनंतर नीटला मला मार्क असे पडले की डॉक्टर व्हायला कमी आणि रडून मोकळं व्हायला जास्त. पेणच्या एसटी स्टँडजवळच्या सायबरमध्ये बसून कॉलेजांची यादी भरली आणि नवी मुंबईकडच्या एका कॉलेजात फिजिओथेरपीची सीट मिळाली. गावात हा शब्द कोणाच्या तोंडात बसेना. शेजारची काकी सरळ म्हणाली, "म्हंजे मालिशच ना गो?" मी समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "व्हय, मालिशच. पन डोकं लावून करायची." तो विषय तिथेच मिटला. पुढच्या चार वर्षांत मी फिजिओथेरपी म्हणजे काय याची पुष्कळ उत्तरं ऐकली, लिहिली, तोंडी परीक्षेत दिली. आईच्या त्या उत्तराहून नेमकं मला अजून सापडलेलं नाही.

पहिल्या वर्षी आम्हाला जर्नल करायचं होतं. माणसाचा प्रत्येक सांधा किती हलतो ते मोजून लिहायचं. त्यासाठी गोनिओमीटर नावाचं साधन असतं: दोन प्लास्टिकच्या पट्ट्या खिळ्याने जोडलेल्या आणि मध्ये कोनमापक. आई त्याला कैची म्हणायची. शनिवारी मी घरी आले की ती कारखान्यातून येऊन हातपाय धुवायची, ओटीवर स्टूल मांडायची आणि बसायची. मला नुसतं वाचून काही लक्षात राहत नाही, हात लावल्याशिवाय तर नाहीच. त्यामुळे गुडघ्यापासून मानेपर्यंत मी जे काही शिकले ते आईवर शिकले. तिच्या कोपराच्या हाडाच्या टोकावर आधी बोट ठेवलं आणि मग त्याचं इंग्रजी नाव पाठ केलं.

त्या वर्षीची एक संध्याकाळ मला पुसून टाकता आली तर टाकली असती. तिचा अंगठा दारात चेमटला होता आणि सुजला होता. मी मनगट मोजत होते आणि आकडा पुस्तकातल्यापेक्षा बराच कमी येत होता. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. सोमवारी जर्नलवर सही घ्यायची होती. मी कैची खाली आपटली आणि म्हणाले, "तुझं नाही चालणार. मला नॉर्मल माणूस पाहिजे." आणि शेजारच्या काकीला बोलावून आणलं. काकी मोठ्या ऐटीत स्टुलावर बसली. आईने आम्हा दोघींना चहा आणून दिला आणि सुजलेला अंगठा पदरात धरून आत गेली. मी अठरा वर्षांची होते हे काही कारण होत नाही. मी चिडकी आहे, तेव्हाही होते.

त्यानंतर आई कायम नॉर्मल निघाली.

पदवी झाली, इंटर्नशिप झाली. मला पुढे शिकायचं होतं, आणि तेही हाडा-सांध्यांच्या विषयातच. त्यासाठी पुन्हा प्रवेश परीक्षा, सीईटी. सीटा मूठभर आणि परीक्षेला बसणारे आमच्यासारखे ढिगाने. पहिल्या वर्षी माझा नंबर इतका खाली आला की यादी पाहताना मी बराच वेळ खालपासून वर वाचत होते. बाबा म्हणाले, नोकरी कर आणि परत बस. मग मला रोह्यात काम मिळालं. एका मॅडमचं छोटं क्लिनिक होतं, एसटी स्टँडपासून चालत जाण्याजोगं. धाटावच्या कंपन्यांतले कामगार कंबर धरून यायचे, कुंडलिकेच्या पलीकडून म्हातारी माणसं गुडघे धरून यायची.

रोज पेण ते रोहा आणि परत. कधी रेल्वे मिळायची, बहुतेक वेळा एसटी. त्या रस्त्याचं काम मी शाळेत असल्यापासून चालू होतं. गडबपर्यंत मी मेंदूतून निघणाऱ्या नसा पाठ करायची, नागोठण्यापर्यंत खड्ड्यांनी त्यातल्या चार विसरायला लावलेल्या असायच्या आणि पुढे परत पहिल्यापासून. खिडकीतून खाडीचं पाणी आणि भाताची खाचरं जायची, मी मान वर करायची नाही. मला तेव्हा त्या रस्त्यातून सुटायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. आज कोणी मला त्या एसटीत उभ्याने नेलं तरी जाईन.

मॅडम माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. स्वतः पुढे शिकू शकल्या नव्हत्या. लग्न, मुलं, मग क्लिनिक. दुपारी पेशंट नसायचे तेव्हा त्या मला पडद्यामागच्या टेबलावर पुस्तकं पसरू द्यायच्या आणि मधूनच येऊन एखादा प्रश्न टाकायच्या. एकदा मी एका आजोबांचा खांदा मोजत होते. समोर बसून, त्यांच्याशी गप्पा मारत. मॅडमनी मला बाजूला केलं आणि आजोबांना स्टुलावर पाठ करून बसायला सांगितलं. हात वर करा म्हणाल्या. समोरून जो हात छान वर जाताना दिसला होता, तोच मागून पाहिला तर निराळीच गोष्ट होती. आजोबा आखडलेला खांदा कानापर्यंत उचलत होते, कमरेतून दुसरीकडे कलत होते, आणि हात जेमतेम वर पोचवत होते. आजोबा गेल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "समोर बसलं की माणूस आपल्याला खूश करायला बघतो. पाठ बघत जा. पाठीला नाटक जमत नाही." मी ते सीईटीच्या तयारीसाठी घेतलेल्या या निळ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. ते वाक्य अजून तिथे आहे, लाल शाईत, दोनदा अधोरेखित.

दुसऱ्या प्रयत्नाचं ते वर्ष. संध्याकाळी मी रोह्याहून यायची, आई कारखान्यातून यायची, आणि दिवे लागायच्या वेळेला आमची शाळा भरायची. तिच्या केसांत, भुवयांत, हातांच्या रेषांत प्लास्टरची धूळ असायची आणि तीच त्या वहीत उतरली. मी खांद्याच्या चाचण्या तिच्यावर करायची. ती स्टुलावर बसून भाजी निवडायची आणि मी म्हटलं की हात द्यायची. आज कोणता सांधा, असं विचारायची, जसं आज कोणती भाजी विचारतात तसं. मधेच कारखान्यातली गंमत सांगायची. मी तिला गप्प बसवायची, कारण मला प्रश्न सोडवायचे असायचे. तिने सांगितलेल्या त्या गमतींतली अर्धी गंमतसुद्धा मला आता आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच वर्षी तिने एक नवीन टुमणं लावलं. सकाळी माझी एसटीची घाई, आणि ती फणी घेऊन समोर बसायची: वेणी घाल. आयुष्यभर स्वतःचा अंबाडा स्वतः दोन वळशांत घालणारी बाई. मी कुरकुर केली की म्हणायची, पोर आता शिकायला दूर जाणार, तोवर घालून घेते. मला ते लाडाचं वाटायचं, आणि उशीर होतोय म्हणून रागही यायचा. मी भराभर तीन पेड ओढून गाठ मारायची आणि पळायची. स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचा मसाल्याचा डबा खाली ओट्यावर आला होता. तोही मी पाहिला होता. त्याला धक्का लागून एकदा हळद सांडली तेव्हा मीच ओरडले होते की हा डबा इथे कशाला आणून ठेवलाय. आई म्हणाली, वर झुरळं होतात.

खांद्याचा सांधा आखडत जातो तेव्हा पहिली अडणारी गोष्ट म्हणजे हात मानेमागे नेणं. केस बांधणं. मग वरच्या फळीवरचं काढणं. हे मी त्या महिन्यांत निदान पन्नास वेळा वाचलं असेल. प्रश्नांची उत्तरं धडाधड देत होते.

आता जे सांगायचं आहे ते मी फारसं कोणाला सांगितलेलं नाही. परीक्षेला महिनाही उरला नव्हता. मी आईच्या उजव्या बाजूला गुडघ्यांवर बसून कैची लावली होती आणि तिला हात वर न्यायला सांगितलं. हात गेला. मी आकडा वाचायला मान वाकवली, आणि मान वर करताना माझी नजर तिच्या पाठीवरून गेली. ब्लाउजची शिवण तिरकी झाली होती. आई डावीकडे कलली होती, कंबर पुढे काढली होती, आणि उजवा खांदा कानाला लागला होता. एवढंच. एका क्षणाचं दिसणं. मी विचारलं, "दुखतं का?" ती म्हणाली, "नाय." आणि मी वहीत लिहिलं, एकशे पंचाहत्तर. पुढच्या रकान्यात, नाही.

मला दिसलं नव्हतं असं मी म्हणू शकते. मान वाकडी होती, उजेड कमी होता, दिवसभर पेशंट तपासून डोळे थकले होते. पण मला दिसलं होतं. दिसलं हे मान्य केलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर तो खांदा हातात घ्यावा लागला असता: रोज तासभर शेक, ताण, व्यायाम, शिवाय कारखाना बंद करायला लावायचा म्हणजे भांडण. माझ्याकडे तो तास नव्हता. दुसरा प्रयत्न होता, तिसरा घरात कोणाला परवडला नसता, मला तर नाहीच. म्हणून मी डोळ्यांवर कातडं ओढलं आणि पान उलटलं. त्यानंतर परीक्षेपर्यंत मी आईचा खांदा मोजला नाही. गुडघा मोजला, घोटा मोजला.

परीक्षेचं केंद्र पनवेलच्या पुढे होतं. बाबा सोबत आले होते, बाहेर झाडाखाली डबा घेऊन बसले. आत थंडगार हॉल, कॉम्प्युटर, प्रत्येकाला एक कप्पा. पहिले प्रश्न बरे गेले. मग मध्ये कुठेतरी एक मध्यमवयीन बाई आली. प्रश्नातली बाई. हात वर नेताना खांदा उचलते, धड विरुद्ध बाजूला कलतं, केस बांधता येत नाहीत. तर कोणती हालचाल सगळ्यात आधी कमी झाली असेल? चार पर्याय होते. मला पर्याय वाचावेच लागले नाहीत. माझ्यासमोर तिरकी झालेली शिवण होती, फणी होती, ओट्यावरचा डबा होता. मी बरोबर उत्तरावर, हात बाहेर वळण्यावर, टिचकी मारली आणि तशीच बसून राहिले. वेळ पळत होता. शेजारच्या कप्प्यातल्या मुलीचा माऊस टकटक वाजत होता. मला उठून बाहेर जावंसं वाटत होतं, झाडाखाली जाऊन बाबांना सांगावंसं वाटत होतं की आईला कारखान्यात पाठवू नका. मी पुढचा प्रश्न वाचायला घेतला. तेच मी करू शकत होते, आणि तेच माझ्याकडून सगळ्यांना हवं होतं.

घरी आल्यावर मी हातपायसुद्धा धुतले नाहीत. आईला म्हटलं, स्टुलावर बस, पाठ माझ्याकडे कर. ती म्हणाली, परीक्षा झाली ना, आता कसली मोजमापं. मी हट्ट धरला. तिने विषय बदलला, पेपर कसा गेला विचारलं, बाबांना जेवायला वाढलं. खांदा दुखतो का असं मी सरळ विचारलं तेव्हा म्हणाली, "नाय गो. निकाल लागू दे आधी." या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे मला त्या दिवशी उमगलं नाही. पुढचे दोन-अडीच महिने ती माझ्या हाताला लागली नाही. कारखान्यात हंगाम ऐन भरात होता, सकाळी लवकर जायची, जेवायलाही तिकडेच थांबायची. मी रोह्याला जात राहिले, मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, जबरदस्ती करू नकोस, ती आपणहून देईल तेव्हा घे. आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, माझ्या आईचा गुडघा मी एकदाही बघितला नाही. एवढं बोलून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या.

यादी लागली तेव्हा गावातले गणपती टेम्पोत चढत होते. मी रोह्याहून येताना एसटीतच मोबाईलवर पाहिली. सीट मिळाली होती, हव्या त्या विषयात, फक्त घरापासून फार लांब. मी पेणला उतरले आणि घरी न जाता सरळ कारखान्यात गेले. आई दाराशीच एका मोठ्या मूर्तीला कापड गुंडाळत होती, डाव्या हाताने. उजवा हात पोटाशी धरलेला होता, मोडलेला धरतात तसा. माझ्याकडे बघून तिला कळलं. तरी तिने विचारलं, "लागली?"

"लागली."

"नक्की ना? आता मागं नाय घेत ना?"

मी म्हटलं नाही घेत. तिने कापडाची गाठ दातांनी ओढून पक्की केली, मला हाताला धरून बाहेर भिंतीच्या सावलीला नेलं, आणि म्हणाली, "मंग आता सांगते. माझा हात वर जात नाय. बरेच महिने झाले. लय दुखतो."

मी तिथेच रडायला लागले. ती गोंधळली, तिला वाटलं मी सीटसाठी रडतेय. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस? मी रोज मोजत होते तुला." ती म्हणाली, "तुझ्या वहीत कमी लिवलं असतंस तर तुझेच मार्क कापले असते ना. तूच बोल्लीस, नॉर्मल मानूस पायजे."

पहिल्या वर्षाचं जर्नल आणि ही वही यांत फरक आहे हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. तिच्या हिशेबी दोन्ही मास्तरांकडे जायच्या आणि दोन्हींवर सह्या व्हायच्या. इतकी वर्षं ती माझ्या परीक्षेला बसत होती, स्टुलावर, भाजी निवडत, आणि पास होत होती. मूर्तीचा जोड बोटाला लागू न देणारी ती बाई. स्वतःचाही तिने माझ्या बोटांना लागू दिला नाही. आणि जेव्हा लागला, तेव्हा मी बोट काढून घेतलं. हे मी तिला त्या भिंतीच्या सावलीत सांगितलं. मला दिसलं होतं, असं म्हणाले. ती म्हणाली, "माहिताय मला. तू मान वर केलीस तवाच कळलं." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, डावा.

त्या संध्याकाळी ती स्टुलावर माझ्याकडे पाठ करून बसली. हात वर ने, पण खांदा उचलू नकोस, कलू नकोस, असं मी सांगितलं आणि तिने ऐकलं. हात शंभरापर्यंतही गेला नाही. बाहेर वळायचा तो जवळजवळ वळलाच नाही. मी आधीचे आकडे खोडले नाहीत. त्यांच्याखाली हे लिहिले, आणि शेवटच्या रकान्यात पहिल्यांदा लिहिलं: हो.

निघायला अकरा दिवस होते. रोज सकाळ-संध्याकाळ मी तिचा खांदा शेकला, दोन्ही हातांत धरून सैल केला, भिंतीवर बोटं चढवून घेतली. ती पहिल्यांदा मोठ्याने कण्हली तेव्हा मी दचकून हात काढला, तर म्हणाली, कर तू, माझं तोंड हाय ते ओरडणारच. त्या अकरा दिवसांत तिने मला कारखान्यातल्या कितीतरी गमती सांगितल्या आणि मी एकदाही गप्प बस म्हटलं नाही. सकाळी वेणीही सावकाश घातली. शेवटच्या दिवशी हात दहा-बारा अंशांनी वर गेला होता. बाबांनी ते ऐकून पेणहून पेढे आणले. सीट लागली तेव्हा आणले नव्हते, गडबडीत राहून गेलं होतं.

आता मी इथे आहे. इथल्या लायब्ररीत खांद्यावर आख्खे ग्रंथ आहेत आणि आमच्या सरांचे हात सोन्याचे आहेत. मी पेशंटला पाठ करून बसवते आणि त्यांची पाठ बघून सगळं ओळखते, बरोबरची मुलं-मुली बघतच राहतात. पण कुठल्याही बाईच्या खांद्याला हात लावला की पहिल्यांदा मला तिथे धूळ नसल्याचं जाणवतं. मग मी कामाला लागते. मॅडम रोह्याहून दर पंधरा दिवसांनी पेणला येतात, आईला पाहतात आणि मला कळवतात. त्यांच्या हातून ती बरी होतेय. मला त्याचा आनंद होतो, आणि हेवाही वाटतो, खोटं कशाला बोलू.

रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल असतो. बाबा मोबाईल ओटीवरच्या खांबाला टेकवून ठेवतात. आई कॅमेऱ्यासमोर येते, माझं तोंड बघते, जेवलीस का विचारते, आणि मग मी काही म्हणायच्या आत स्टूल फिरवून माझ्याकडे पाठ करून बसते. गेल्या रविवारी तिने अंबाडा घातला होता. थोडा वाकडा, एका बाजूला उतरलेला, पण स्वतःच्या हातांनी घातलेला. तिने हात वर न्यायला सुरुवात केली. खांदा उचलला नाही, कलली नाही, शिवण सरळ होती. मी कैची मोबाईलच्या काचेवर धरली. पडद्यावर तिचा हात माझ्या करंगळीएवढा. अंदाजाने एकशे चाळीस.

"दुखतंय?" मी विचारलं.

"दुखतंय," ती तिकडे तोंड करूनच म्हणाली. "वरती गेल्यावर. खाली घेऊ काय?"

लगेच घे म्हणायला हवं होतं. पण घे म्हटलं की ती वळणार, भाजी काय केली सांगणार, बाबा मोबाईल उचलणार आणि मग थेट पुढचा रविवार. तिची पाठ माझ्यासमोर होती, वाकडा अंबाडा, हात वर धरलेला, आणि तिला दुखत होतं हे तिने मला खरं सांगितलं होतं. मी घे म्हणायला थोडा उशीर केला.